नव्या बोर्डाने ऐकलं

चूक माझीच. "अहो, वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिणतं," असं सुनंदा कितीतरी महिने सांगत होती आणि मी म्हणत होतो, "भास आहे तुझा, स्लिपर घालत जा."

परवा घरातला विजेचा जुना लाकडी बोर्ड काढून नवा बसवला. त्यात वीज कुठे झिरपली तर पुरवठा आपोआप तोडणारा स्विचही आला. सुनंदाने मशीन सुरू केलं आणि तो खटकन पडला. मी स्टुलावर चढून वर केला, पुन्हा पडला.

"बघा, त्यालाही भास झाला," ती म्हणाली.

मी अंधारलेल्या पॅसेजमध्ये स्टुलावर तसाच उभा राहिलो. एवढासा स्विच, पण जराशी गळतीही खपवून घेत नाही. आपल्याला मात्र घरातल्या माणसाचं बोलणं कानावर पडूनही सोडून देता येतं. ती रोज भीतभीत त्याच मशीनला हात लावत होती. एखाद्या दिवशी तिचा हात सुटलाच नसता तर?

खाली उतरलो. ती ओले कपडे बादलीत काढत होती.

"सुनंदा, तू खरं सांगत होतीस. मी ऐकलं नाही. मला माफ कर."