सताड उघडं दार

सातपूरला आमच्या कॉलनीत दिवसा दार लावून घेतलं, की शेजारणी समजायच्या, एक तर घरात कुणी आजारी आहे, नाही तर नवरा-बायकोचं वाजलंय. कंपनीने ह्यांना तीन वर्षांसाठी इंग्लंडला पाठवलं, तेव्हा दार उघडं टाकायची सवय माझ्याबरोबर तिकडे गेली.

एका लहानशा गावात, एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगेत आम्हाला घर मिळालं. हे सकाळी कामावर गेले की मी एकटी. पहिल्या आठवड्यात खिडकीतून चार माणसं दिसली, त्यातला एक पोस्टमन. गल्ली एवढी शांत, की कुकरची शिट्टी झाली की माझी मीच दचकायचे.

मे महिन्यात एकदाचं ऊन पडलं. मी पुढचं दार सताड उघडलं आणि मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेले. परत येऊन बघते, तर पायरीवर शेजारचे म्हातारे गृहस्थ उभे. हातात फावडं आणि चेहरा घाबराघुबरा.

"सगळं ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं. "दार उघडं दिसलं. चोर शिरला असेल, म्हणून पहारा देतोय."

"मीच उघडं ठेवलंय," मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं.

"कशासाठी?"

आता या आजोबांना काय सांगायचं? म्हटलं, "माणसं यावीत म्हणून."

त्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. "कोणती माणसं?"

मला एकदम हसू फुटलं. किती तरी दिवसांनी मोठ्याने हसले मी. "तुम्ही आलात की! आता चहा घेऊनच जा."

फावडं भिंतीला टेकवून, पायपुसण्यावर बूट घासघासून ते आत आले. आल्याच्या चहाचा पहिल्याच घोटाला ठसका लागला, तरी कप संपवला. जाताना म्हणाले, "उद्या चार वाजता आलो तर चालेल?"

आमच्याकडे अशी वेळ डॉक्टरची घेतात. पण मी मान डोलावली, आणि हळूहळू मीही तिथली रीत शिकले. समोरच्या घरात कुत्रा पाळणाऱ्या एक बाई राहायच्या. त्यांच्याकडे मी न सांगता शिऱ्याची वाटी घेऊन गेले, तर त्या दाराच्या फटीतूनच बोलल्या. पुढच्या वेळी ह्यांच्याकडून चार ओळी लिहून घेतल्या आणि त्यांच्या पत्रपेटीत चिठ्ठी टाकली. बाई ठरलेल्या वेळी फुलं घेऊन हजर!

दिवाळीला दोघांनाही फराळाला बोलावलं. आजोबा आधी आले, मागोमाग बाई. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले.

"तुमची ओळख असेलच," मी म्हटलं.

"कुत्र्याला ओळखतो," आजोबा म्हणाले. "रोज बघतो त्याला."

अकरा वर्षं समोरासमोर राहून त्या दोघांनी आमच्या हॉलमध्ये, हातात चकली घेऊन, एकमेकांना पहिल्यांदा नावं सांगितली. मग बाईंना कळलं, की आजोबांच्या बागेत गुलाब आहेत. आजोबांना कळलं, की बाईंच्या गुलाबांना दरवर्षी कीड लागते. मला कुणी विचारेना. मी नुसती चिवड्याची वाटी भरत राहिले.

ते गेल्यावर भांडी घासून मी सहज खिडकीतून पाहिलं. एवढ्या थंडीत दोघं फुटपाथवर उभे राहून अजून बोलत होते.