परार्धाच्या अलीकडे

आमच्या भिंतीला भिंत लावून नाथाकाका तांबट राहायचे. बायको चिमणाबाई गेल्यापासून घरात ते आणि न विकलेला एक हंडा. मूलबाळ नव्हतं. उमेदीत हंडे ठोकताना ते दर घावाला एक नाव घेत: एकं, दहं, शतं, सहस्र... लक्ष, कोटी ओलांडून थेट परार्ध. म्हणजे एकावर सतरा शून्यं. इतके हंडे नाशकात कोण घेणार, असं मी विचारलं की हातोडी दाखवत.

एकोणीसशे तीसच्या सुमारास हात कापू लागले, हातोडी सुटली. पहाटेचा जप तेवढा राहिला. शेजारी रामाचं नाव घेत, हे अब्जाचं.

मालेगावचा खलील दर बुधवारच्या बाजाराला लुगड्यांचं गाठोडं घेऊन यायचा आणि दुपारी काकांच्या ओट्यावर टेकायचा. एकदा दोघांची जुंपली.

"सौ अरब का एक खरब होता है, चाचा."

"छट्! दहा अब्जांचा एक खर्व. तुमच्याकडे फुगवून सांगतात."

"बरं, मग तुमची गिनती शिकवा."

काकांनी अट घातली: एका बुधवारी एकच नाव. फी एक पान. खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य... खलील गाठोड्यावर बसून पाठ म्हणे. त्या दिवशी काका दाढी करून, धुतलेला सदरा घालून सकाळपासूनच तयार. इतर दिवशी त्या ओट्यावर आमचं मांजरसुद्धा बसत नसे.

परार्धाचा बुधवार आला. खलील म्हणाला, "आखरी नाव ना, चाचा? पुढल्या खेपेपासून दोनची मोटार धरतो. तुमच्या गिनतीपायी दर बुधवारी अंधारात घरी पोचतो, पोरं झोपलेली असतात. हां, बोला. मध्यच्या पुढं?"

काकांनी डोकं खाजवलं. छताकडे पाहिलं.

"विसरलो बुवा."

"क्या बात करते हो!"

"म्हातारपण, दुसरं काय. पुढच्या बुधवारी ये, आठवून ठेवतो."

खलील गेल्यावर मी ओट्यावर गेलो. "काका, आज पहाटे तर ठणठणीत परार्ध म्हणालात. भिंतीतून ऐकलं मी."

"तुला काय रे," ते पान चघळत म्हणाले, "तुझ्या घरात चार माणसं बोलतात."

 

दुसऱ्या दिवशी पहाटे मी भिंतीला कान लावला. एकं, दहं, शतं... जलधी, अंत्य, मध्य. मग खोकला. मग पुन्हा एकं.

चुकून तोंडातून निघायला नको, म्हणून आता ते स्वतःलाही सांगत नव्हते.