अण्णांची टू-स्ट्रोक

नमस्कार मंडळी. या ग्रुपवरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खोटं कशाला बोलू, निम्म्याहून जास्त वाचताना हसलोय. पिंपळाखाली कुणाला पांढरं काही दिसलं, की तिथं कुणाचं धोतर वाळत होतं का, हे मला आधी विचारावंसं वाटतं. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. इंजिनाला हवा, पेट्रोल, दाब आणि ठिणगी लागते. चारही गोष्टी मिळाल्या की ते सुरू होतं, त्यासाठी नवस बोलावा लागत नाही. हे मी पोरांना आजही छातीठोकपणे सांगतो. फक्त एक सोमवार त्यात बसत नाही… तो सांगतो.

आमचं गाव औंढा नागनाथ तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. वडील, म्हणजे अण्णा, जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते. मी शाळेत असताना त्यांनी एक टू-स्ट्रोक मोटारसायकल घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर कमेंटमध्ये गाडीवालेच भांडत बसतील. अण्णा एकटे असले की गाडी अशी हाणायचे, की रस्त्यावरच्या कोंबड्या लांबूनच बाजूला व्हायच्या. आई मागं बसली की मात्र बैलगाडीची चाल. लोक चिडवायचे, "आज काचेचं सामान दिसून राहिलं मागं." अण्णा म्हणायचे, "हाय ना. एकच नग हाय." सोमवारी दोघं याच गाडीवर नागनाथाला जायची.

अण्णा जाऊन पाच-सहा वर्षं झाली. तेव्हापासून गाडी गोठ्यात, पोत्यांखाली. यंदा आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं, नांदेडला. मी रजा काढून घरी आलो तर आई म्हणते, "दवाखान्यात जायच्या आधी एक डाव त्या गाडीवर औंढ्याला ने मला."

"आई, मी कार आणलीय ना."

"कारमधी काय, कुणीबी बसतं. अन् ऑपरेशन झाल्यावर पाय चालतेत का न्हाई, कोणाला ठाव."

ती घाबरली होती. तसं म्हणत नव्हती, पण मला कळत होतं. म्हटलं, ठीक आहे, बंद गाडी सुरू करणं हे तर आपलं रोजचंच काम.

शनिवार-रविवार गाडीतच गेले. टाकीत गंज होता, तर नट-बोल्ट टाकून खळखळून धुतली. कार्बोरेटर खोलून जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, फुंकून घेतले. ठिणगीचे पॉइंट घासले, प्लग नवा, ट्यूब नव्या. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं, तेही काढलं. पिस्टन मोकळा व्हावा म्हणून प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडलं… हे तेल लक्षात ठेवा. जोडीला होता रशीद, माझा शाळेतला मित्र. गावात पाण्याच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करतो. सोमवारी सकाळी मी फाट्यावरच्या पंपावरून कॅनमध्ये पेट्रोल आणून टाकीत ओतलं आणि किक मारली.

काही नाही. फट् सुद्धा नाही.

आई हिरवं लुगडं नेसून, बेल-नारळाची पिशवी घेऊन ओट्यावर बसली होती. मी म्हटलं, होतं असं पहिल्यांदा. पंचवीस-तीस किक झाल्या. मग रशीदनं मारल्या. प्लग काढून इंजिनाला टेकवून बघितला तर निळी, कडक ठिणगी. रशीदच्या हाताला ती कोपरापर्यंत झोंबली. "करंट तर बराबर हाय बे," तो हात झटकत म्हणाला, "पेट्रोलबी बराबर उतरून राहिलं. हिला काय तकलीफ हाय?" जाणकार म्हणतील, ओव्हरफ्लो झाली असेल, पेट्रोल जास्त होऊन प्लग भिजला असेल. प्लग पुसला, चुलीवर तापवला, पुन्हा लावला. सिलिंडरमध्ये थेट पेट्रोलचे थेंब सोडले. उतारावर ढकलत नेऊन गिअर टाकला. इतकं केल्यावर इंजिन निदान एकदा तरी खोकतं. हे खोकलंही नाही.

ऊन चढलं, माझा पारा त्याहून वर. आई तेवढ्यात म्हणते, "काहून घाम गाळून राहिलास? मी बसणार हाय, सांगितलं का तिला?"

"तूच सांग," मी खेकसलो. लगेच वाईट वाटलं, कारण ती पिशवीतला बेल उगाच नीट करत बसली.

शेवटी कार्बोरेटर पुन्हा खोलायला घेतला. खालची वाटी काढली आणि त्यातलं पेट्रोल माझ्या तळहातावर सांडलं. पाण्यासारखं स्वच्छ. मी बोटं एकमेकांवर घासली. कोरडी. चिकटपणाच नाही.

त्यात तेलच नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं, त्यावरच पिस्टन सरकतो. पूर्वी पंपावरच तेल मिळायचं, पंपवालाच मिसळून द्यायचा. आता सगळ्या गाड्या फोर-स्ट्रोक, आपण सरळ पेट्रोल भरतो. साध्या पेट्रोलवर टू-स्ट्रोक सुरू व्हायला काहीच हरकत नसते, हो. ती झकास सुरू होते, काही किलोमीटर पळते, मग पिस्टन तापून जागीच धरतो आणि मागचं चाक चालत्या गाडीत जाम होतं. हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. आणि तेलाची बाटली मीच हिंगोलीहून आणली होती, ती घरात खुंटीवरच्या पिशवीत सील न तोडता तशीच पडली होती. आदल्या दिवशी प्लगच्या भोकातून तेल सोडलं होतं ना, डोक्यात 'तेल टाकलं' अशी नोंद झाली आणि विषय संपला.

औंढ्याच्या अलीकडे चढ आहे, पुढं उतार, उतारावर वळण आणि समोरून हळदीचे ट्रक. मागं आई एका बाजूला पाय सोडून बसलेली असती. मी उठून घरात गेलो आणि खुंटीवरची पिशवी काढली.

टाकी रिकामी केली. तेल मोजून मिसळलं, पुन्हा भरलं. बाकी कशाला हात लावला नाही, वाटी होती तशी बसवली. किक मारली. पहिल्याच किकला गाडी सुरू. पांढऱ्या धुरानं अंगण भरलं, आईनं पदर नाकाला लावला आणि रडता रडता हसली. रशीद एवढंच म्हणाला, "सावकाश जा."

गेलो सावकाश. आईचा हात माझ्या खांद्यावर होता. दर्शन झालं, दुपारी सुखरूप घरी.

पण मी मास्तर माणूस, मला चैन कुठलं? म्हटलं, साध्या पेट्रोलनं काहीतरी गडबड केली असणार, करून बघू. ऑपरेशन छान झालं, आई वॉकर धरून घरात फिरायला लागली, तेव्हा एका रविवारी मी टाकी आणि कार्बोरेटर कोरडे केले. त्याच पंपावरचं साधं पेट्रोल भरलं, तेलाचा थेंब नाही. किक मारली. पहिल्या किकला सुरू. लगेच बंद केली. पुन्हा मारली, पुन्हा सुरू. ठिणगी तीच, प्लग तोच, पेट्रोल तसंच.

आई दारात येऊन उभी होती. मी म्हटलं, "बघ आई, साध्यावरबी होते सुरू. मग त्या दिवशी काय झालं होतं हिला?"

"त्या दिशी मागं मी बसणार होते न्हाई का," आई म्हणाली, चहात साखर टाकलीय असं सांगावं इतक्या सहज, आणि वॉकर टेकत आत गेली.

ग्रुपवर कुणी मेकॅनिक असेल आणि त्याला कारण सुचलं, तर जरूर लिहा, मी मन लावून वाचेन. आईला मात्र वाचून दाखवणार नाही.