फिफ्थ अमेंडमेंट आणि मागची सीट

हसाल तर तुम्ही नक्कीच, पण हातातला कप आधी खाली ठेवा!

दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. अमेरिकेला जायचं हुकलं आणि मी न्यूझीलंडला, अप्पर हट नावाच्या गावात येऊन पडलो. पण जीव तिकडेच! अमेरिकेच्या राज्यघटनेवर एक जाडजूड पुस्तक वाचायचो आणि भेटेल त्याला ऐकवायचो.

त्या शनिवारी टौरंगाला मित्राची वास्तुशांत. निघायलाच उशीर, माझी नुसती तगमग. बायको शुभदा नर्स. नाइट करून आलेली, मागच्या सीटवर पांघरूण घेऊन आडवी झाली. मी पुढून सुरू! अध्यक्षाचे अधिकार, काँग्रेसचे अधिकार, कोर्टाचे अधिकार. ती हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, पटतंय!

वाटेत पेट्रोल भरलं, आत जाऊन पैसे दिले, धावत आलो आणि गाडी हाणली. "तर शुभदा, सगळी सत्ता एकाच्या हाती का नको..."

तेवढ्यात मागे लाल-निळे दिवे! गाडी कडेला घेतली. पोलीस खिडकीशी वाकला आणि तिथल्या माओरी भाषेत नमस्कार करून म्हणाला,

"किया ओरा. एकटेच का गाडीत?"

हा असं का विचारतोय? मला घाम फुटला. आणि पुस्तक आठवलं: स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावरच नाही!

"फिफ्थ अमेंडमेंट!" मी छाती काढून म्हणालो. "मी बोलणार नाही."

"मेट, ते अमेरिकेत. मिसेस कुठे आहेत तुमच्या?"

"मागे झोपलीय. तिलाही गप्प राहायचा हक्क आहे!"

त्याने मागे पाहिलं. मीही वळलो. पांघरूण होतं, उशी होती. शुभदा नव्हती!

"गप्प राहायचा हक्क इथेही आहे," तो म्हणाला, "पण त्या काही गप्प नाहीत. पेट्रोल पंपावर सगळ्यांना ऐकवतायत. पंपवाल्यानेच आम्हाला फोन केला."

पुढे पोलिसांची गाडी, मागे मी, अशी वरात पंपावर परत आली. शुभदा दारातच उभी.

"टॉयलेटला जाते म्हणून ओरडून सांगितलं होतं ना मी?"

"अगं, मी तुला काँग्रेसचे अधिकार समजावत होतो..."

"कुणाला? उशीला?"

पोलिसाला हसू आवरेना. त्याने तिला विचारलं, "काय, तक्रार करायचीय यांच्याविरुद्ध?"

मला वाटलं, ती हसून 'छे हो' म्हणेल. तिने माझ्या हातातली किल्ली काढून घेतली आणि म्हणाली, "आत्ता उशीर होतोय. परत येताना केली तर चालेल?"

"स्वीट ॲज!" पोलीस म्हणाला. म्हणजे तिकडच्या बोलीत, 'अगदी चालेल!'