वाकवून सरळ केलेला हूक

मी गोंदियात कवळीच्या धातूच्या फ्रेमा बनवतो. ज्यांचे थोडे दात शिल्लक असतात त्यांच्या टाळूला लागून बसणारी पातळ फ्रेम, आणि तिला दोन्ही बाजूंनी हूक. हे हूक उरलेल्या दातांना मिठी मारतात, म्हणून फ्रेम जागेवर राहते. ओतकाम, घासकाम झालं की शेवटी मोटरीच्या चाकावर पॉलिश. त्या चकाकीवर माझा भारी जीव. इतका, की फ्रेम चमकली की मी तिच्यात स्वतःच्या मिशा पाहतो. लॅबमध्ये आरसा आहे, पण त्यात मी माझ्या वयाचा दिसतो.

त्या दिवशी चाक थांबायच्या आतच मिशा पाहायला वाकलो. फ्रेम तिरपी झाली, चाकाने हूक पकडला आणि फ्रेम हातातून हिसकून भिंतीवर आपटली. हुकाचं टोक फिरत्या चाकासमोर कधी धरायचं नाही, हे मीच इतरांना बोट उगारून सांगत आलोय. उचलून पाहिलं तर एक हूक बाहेर वाकलेला.

लॅबचे मालक, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, बाहेर फोनवर होते. मी पक्कड घेतली, हूक हळूच सरळ केला, प्लास्टरच्या साच्यावर बसवला. बसला. वाकल्या जागी पुन्हा पॉलिश मारलं. भाऊ आत आले नि म्हणाले, "वा, क्या चमक है." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

पुढे त्या फ्रेमवर दात बसले आणि ती दातांच्या डॉक्टरांकडून जवळच्या कामठा गावातल्या एका आजींच्या तोंडात गेली. मी विसरून गेलो.

मग एका सकाळी एक बाद झालेली फ्रेम हाती आली. सहज म्हणून तिचा हूक तसाच बाहेर वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. टिक्. तुकडा कुठे उडाला कळेना. टेबलाखाली शोधला, शर्टाची कॉलर झटकली. सापडला तो माझ्या चहाच्या ग्लासात. अर्धा चहा मी तोवर पिऊन टाकला होता.

तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, पण टोकदार. हा धातू कडक, वाकवला की आतून तडकतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आजी भात खातायत, तुकडा सुटलाय, आणि घासाबरोबर तो श्वासनळीत चाललाय, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. लॅबचा फोन वाजला की भाऊंच्या आधी मीच धावत जाऊन उचलायचो. भाऊंना सांगायचं सोडून मी जगातल्या बाकी सगळ्या युक्त्या शोधल्या. शेवटी एके दिवशी दवाखान्यातून आजींचा पत्ता मिळवला आणि दुपारी गाडी काढून कामठ्याला गेलो.

आजी पडवीत फुटाणे खात बसल्या होत्या. फुटाणेच.

"लॅबमधून आलोय आजी. कवळी द्या, फुकटात पॉलिश करून आणतो."

"कायले? चमकून तं रायली." त्यांनी तोंड उघडून दाखवलं आणि आणखी चार फुटाणे आत टाकले. कुडुम. "दात पडल्यावर तीन वरसांनी खाऊन रायली मी हे. आयक."

मी ऐकत होतो. प्रत्येक कुडुमला माझी मान खांद्यात जात होती.

"आजी, थोडं हळू चावा."

"काऊन? दात तुहे होय का?"

"एकदा काढून तर दाखवा."

"आता नाई. सांजेले ये." कुडुम.

मग माझ्याच्यानं राहवेना. म्हणालो, "आजी, तो हूक माझ्या हातून वाकला होता. मी गुपचूप सरळ करून दिला. तो तुटेल आणि तुमच्या घशात जाईल."

त्यांचं चावणं थांबलं. तोंडातलं त्यांनी अंगणात थुंकलं. मग कवळी काढली, पदराने पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. अर्ध्या बोळक्या तोंडाने म्हणाल्या, "मंग इतके दिवस काऊन नाई सांगतलं? मी मरायची वाट पाऊन रायला होता का?"

मी कवळी रुमालात गुंडाळली आणि निघालो. गावाबाहेर गाडी थांबवून मी त्या हुकाला अंगठ्याने दाबलं. नीट दाबलंही नव्हतं. तो अलगद निघून तळहातावर आला. मी तिथेच बांधावर बसलो.

त्याच दिवशी भाऊंना सांगितलं, मग डॉक्टरांना. भाऊ एवढंच म्हणाले, "आदमी मर जाता तो?" नवी फ्रेम मीच केली, पण भाऊ पूर्ण वेळ शेजारी उभे होते.

ती बसवायच्या दिवशी डॉक्टरांनी मला दवाखान्यात बोलावलं. आजी खुर्चीत होत्या. नवी कवळी तोंडात बसताच त्यांनी हुकाला बोट लावून मला विचारलं.

"हे वाकलं होतं का?"

"नाही आजी."

"खरं?"

"खरं."

त्यांनी माझ्याकडे न पाहता डॉक्टरांना सांगितलं, "तुमी वढून पाहा." डॉक्टरांनी हूक ओढला. मग आजींनी स्वतः बोट घालून ओढला. दोघांचं समाधान झालं असावं असं मला वाटलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आता तू वढ."

त्यांनी तोंड उघडलं. मी बोट त्या हुकात अडकवलं आणि जोर लावून ओढलं. आजींनी डोळे मिटले नाहीत.