चुकलेल्या कॉलांचे काका

लातूरच्या आमच्या काकांइतका भला माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही, आणि त्यांच्याइतकं माझं डोकंही आजवर कुणी उठवलेलं नाही. काका नात्याचे नव्हेत, कामातले; दवाखान्यांच्या व्हिडिओ कॉन्फरन्सचं जाळं आम्ही दोघं सांभाळायचो. नांदेड झोन माझ्याकडे, लातूर झोन त्यांच्याकडे. इकडच्या पडद्यावरून तिकडचा डॉक्टर गाठायचा तर कॉलनं कोणत्या वाटेनं जायचं, याचे नियम दोन्हीकडे जुळवून घालावे लागतात. काम पाच मिनिटांचं. काकांना आठवडा लागे. मी नियमांना सुटसुटीत आकडे देई, तर हे ‘बिलोलीची वाट’, ‘जळकोटच्या पाव्हण्यांसाठी’ अशी नावं देऊन बसत. आवाज तपासायला टेस्ट कॉल लावावा, तर “यायलाय का आवाज?” एवढं विचारून गृहस्थ जे गप्पांना बसत, ते यंदा तुरीला शेंगा किती लागल्या इथवर येऊनच थांबत.

सगळ्यात मोठा वाद चुकीच्या नंबरांचा. नंबर सापडला नाही की कॉल तोडावा, ही साधी रीत. काकांना ते पाप वाटे. “दारात आलेल्या माणसाला, तुझं नाव यादीत न्हाई म्हणून हाकलतेत का रं?” म्हणून त्यांनी न सापडलेले सगळे कॉल मला न विचारता नांदेडकडे ढकलले. माझ्याकडे न सापडलेले कॉल आधीपासूनच लातूरकडे जात होते, तिथंही सापडले नाहीत तर तिथं तुटत होते. झालं! कुणाचा तरी एक आकडा चुकला आणि तो कॉल नांदेड-लातूर, लातूर-नांदेड अशा येरझारा घालत राहिला. सगळं जाळं ठप्प. मी फोनवरच कपाळ बडवून घेतलं. काका म्हणाले, “लई तापू नको. असले कॉल माझ्याच टेबलावर येऊ दे.” आणि खरंच, शेवटचा नियम म्हणून त्यांनी स्वतःचा पडदा लावून टाकला. मग एका आढावा बैठकीत वरच्या साहेबांनी घाईत चुकीचा नंबर दाबला, आणि भिंतभर पडद्यावर भाकरी-ठेचा खाणारे काका उगवले. “या साहेब, जेवायला!” साहेबांनी तो नियम काढायचा लेखी आदेश धाडला, तोही मला! मी काकांना सांगितलं. ते “हाव” म्हणाले आणि त्यांनी तो काढला नाही. शेवटी मीच काढायचं ठरवलं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. माझी बहीण बिलोलीकडच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिथं एका तान्ह्या बाळाला झटके येऊ लागले. डॉक्टर बाळापाशी, लातूरच्या बालरोगतज्ज्ञांना कॉल लावायला त्यांनी हिला सांगितलं. गडबडीत तिचा आकडा चुकला आणि समोर काका. त्यांनी गाव विचारलं नाही, तुरीचंही नाही. “हलू नको बाई, तिथंच थांब,” म्हणाले आणि बोलता बोलता तज्ज्ञांना जोडून दिलं. बाळ वाचलं. संध्याकाळी काकांनी आपणहून कॉल लावला, “पिलं का दूध त्यानं?” बहिणीनं हे सांगितलं तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. आदेशाचा कागद मी फाइलच्या तळाशी सारला आणि नियम काढला म्हणून साहेबांना बेधडक खोटं सांगितलं.

गेल्या महिन्यात काका निवृत्त झाले. त्यांचं टेबल उचललं, पडदा उचलला. जिथं कुणी बसणारच नाही तिथं कॉल पाठवून काय करायचं? मी तो नियम काढून टाकला. आता चुकीचा कॉल क्षणात तुटतो, जाळं सुरळीत चालतं, साहेब खूश आहेत. टेस्ट कॉलही पाच मिनिटांत आटपतो, आणि तो आटपला की मला उगाच करमत नाही. परवा बहिणीला मी हे सगळं सांगितलं.

“दादा,” म्हणाली, “मग आता माझा आकडा चुकला तर कोण उचलंल?”