टिकली लावलेला रिमोट

आमच्या टीव्हीच्या रिमोटवर, खाली जाणाऱ्या बाणावर, एक लाल टिकली आहे. अर्धांगवायूच्या झटक्यात बाबांचा उजवा हात गेला आणि डाव्या अंगठ्याला बटण सापडेना, तेव्हा आईने आपल्या पाकिटातली टिकली काढून तिथे चिकटवली. टिकली चाचपायची, पाचदा दाबायची, की पडद्यावरच्या चॅनेलच्या यादीत नाटकांचं चॅनेल येतं. बाबांना एकट्याने एवढंच जमतं.

परवापासून यादीच येत नाही. दोन कंपन्या कोर्टात भांडताहेत. पडद्यावर यादी दाखवायची आणि बाणाने खाली सरकायचं, ही कल्पना म्हणे दोघींचीही, पेटंट दोघींनाही हवं. निकाल लागेपर्यंत आमच्या केबल कंपनीने यादी काढून टाकली. फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, मॅटर कोर्टात आहे. तोपर्यंत चॅनेलचा नंबर दाबा."

आई म्हणाली, "त्यांना म्हणावं, खुशाल भांडा, पण आधी यांचं नाटक लावून द्या."

अंगठा खाली सरकवायलाही मालकाची परवानगी लागते, हे मला ठाऊक नव्हतं. रोजच्या दाबण्याने त्या टिकलीचा रंग उडाला आहे. बाबांसारख्या माणसाचा विचार त्या निर्लज्जांच्या कुठल्याच कागदात नसणार.

बाबा अजूनही टिकली पाचदा दाबतात. समोर कसलीशी जाहिरात चालूच राहते. मग ते पुन्हा एकपासून मोजायला लागतात.

उद्या त्या टिकलीवरही हक्क सांगत कुणी आलंच, तर दार उघडायला मी जाणार आहे.